कॅरॅव्हॅनच्या टाकीचा गळका व्हॉल्व्ह बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
मुंबई

विषय : शौचालयाच्या टाकीचा व्हॉल्व्ह वारंवार गळत असल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीकडून घेतलेल्या, गाडीमागे जोडून न्यायच्या कॅरॅव्हॅनच्या मैलापाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह चार महिन्यांत तिसऱ्यांदा गळू लागला आहे. कॅरॅव्हॅन मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात उभी असते आणि ती जिथे ठिबकते तिथून दहा पावलांवर लहान मुले खेळतात. वॉचमनने प्रथम दाखवले तेव्हा मी स्वतः फिनेल टाकून जागा धुतली; तेव्हापासून पाइपखाली बादली ठेवलेली आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ही घाण आवारभर पसरेल, याची मला खरोखर धास्ती वाटते.

आपला कारागीर दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा त्याने जोडाभोवती बाहेरून सीलंट लिंपले. गळती मुळात जोडातून नाहीच. व्हॉल्व्ह बंद असतानाही टोपण काढले की पाइपच्या तोंडातून थेंब पडतात, याचा अर्थ आतले सरकते पाते पूर्ण मिटत नाही. पात्याच्या खाचेत मळ साचून घट्ट झाला असेल किंवा त्याच्या दोन्ही बाजूंचे रबरी सील झिजले, मुडपले असतील. बाहेरून कितीही लिंपले तरी ती फट बुजणार नाही. मी हे कारागिराला दाखवले, तेव्हा "पार्ट आला की बघू" एवढेच उत्तर मिळाले. पार्ट अद्याप आलेला नाही.

तरी टाकी धुऊन, चार बोल्ट काढून जुना व्हॉल्व्ह बाहेर घ्यावा आणि दोन्ही सीलांसह नवा बसवावा. पात्याला सिलिकॉन ग्रीसच लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगू शकते. त्यानंतर टाकीत स्वच्छ पाणी भरून, टोपण काढून रात्रभर ठेवावे व सकाळी माझ्यासमोर तपासावे. वॉरंटी चालू असताना दोन भेटींचे घेतलेले ३,६०० रुपये परत करावेत.

पंधरा दिवसांत काम न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करणे मला भाग पडेल.

टाकी उपसण्यासाठी मैलागाडी बोलवावी लागते, म्हणून कारागीर येण्याचा दिवस किमान दोन दिवस आधी कळवावा.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)

सोबत : दोन्ही भेटींच्या पावत्या, वॉरंटी कार्डाची प्रत व गळतीची छायाचित्रे