गच्चीवरील तथाकथित अंबाडीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : गच्चीवरील बेकायदा लागवड, बंद दिवा व माझ्या छताची ओल

महोदय,

या विषयावर सचिवांशी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि वार्षिक सभेच्या चहापानातही बोलून झाले आहे. दर वेळी ‘बघतो’ असे उत्तर मिळाले. बघायला गच्चीवर मात्र कोणी चढले नाही. म्हणून हे लेखी.

पाण्याच्या टाकीमागे ७०२ च्या सभासदांनी काळ्या ग्रो बॅगा ओळीने मांडल्या आहेत. त्यांत गांजाची झाडे आहेत. सचिव म्हणाले, “अंबाडी असेल हो.” ज्याने अंबाडी पाहिली आहे त्याला हे सांगू नये. अंबाडीचे पान खोल कापलेले असले तरी एकच असते. इथे एका देठावर सुटी सुटी, लांबट पाने आहेत आणि प्रत्येकाची कड दातेरी आहे. अंबाडीला मोठे फूल येते, मध्यभागी गडद रंगाचे. इथे शेंड्यांना चिकट तुरे धरले आहेत, त्यांतून बारीक पांढरे केस बाहेर आलेत आणि काही आता तपकिरी पडू लागलेत. म्हणजे झाडे मादी आहेत आणि ‘माल’ तयार होत आला आहे. बोटाला लागलेला वास साबणाने जात नाही. (बोट मी केवळ खात्री करण्यासाठी लावले.)

७०२ चे म्हणणे असे की झाडे आपोआप उगवली. आपोआप उगवलेली झाडे एका मापाच्या बॅगांत, सारख्या अंतरावर उगवत नाहीत. शिवाय त्यांचे शेंडे खुडलेले आहेत आणि फांद्या सुतळीने खाली ओढून बांधल्या आहेत, जेणेकरून कठड्यावरून काही दिसू नये. आपोआप उगवलेल्या झाडाला कठड्यावर डोके काढायची एवढी भीती का वाटावी?

आता दिव्याबद्दल, कारण माझी मूळ तक्रार तीच होती. जिन्याच्या तोंडाशी असलेला दिवा दुरुस्त केला की पुन्हा बंद पडतो. वायरमन होल्डरला दोष देतो. मी स्वतः स्टुलावर चढून पाहिले, बल्ब फक्त सैल केलेला होता. या झाडाला फुलोरा धरायला रोज मोठी आणि अखंड काळोखी रात्र लागते. मध्येच उजेड पडला की फुलोरा लांबतो. एवढे वाचल्यावर होल्डरचे कोडे मला तरी सुटले. वरच्या मजल्यावरचे ज्येष्ठ नागरिक संध्याकाळी अंधारात चाचपडत फिरतात ते कोणाच्या पिकासाठी, याचा समितीने विचार करावा.

बॅगांतून झिरपणारे पाणी थेट माझ्या, म्हणजे ७०१ च्या, बेडरूमच्या छतात उतरते. समितीने ते माझ्याच एसीचे पाणी ठरवले. एसी दुसऱ्या खोलीत आहे. याच गच्चीवर आमच्या सौ.नी एक गोधडी वाळत घातली तेव्हा ‘सामाईक जागेचा खासगी वापर’ म्हणून दुसऱ्याच दिवशी नोटीस आली होती. गोधडीला उपविधी लागू होतात आणि ग्रो बॅगेला होत नाहीत, असे असल्यास तसे लेखी कळवावे.

ग्रुपवर ७०२ नी लिहिले की कायद्यात पाने आणि बिया गांजात मोडत नाहीत. बरोबर आहे, पण अर्धेच. तुऱ्यांशिवायची पाने व बिया वगळल्या आहेत, आणि तुरे तर इथे डोळ्यांसमोर आहेत. शिवाय एनडीपीएस कायदा, १९८५ (म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा) याच्या कलम ८ नुसार परवानगीशिवाय झाड लावणेच मना आहे. कलम २० मध्ये त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. झाडे किती, हौसेची की औषधाची, असे ते कलम विचारत नाही. उत्तराखंडचा दाखलाही दिला गेला. तिथे औद्योगिक हेम्पसाठी, म्हणजे याच झाडाच्या धागा-बियांसाठी लावलेल्या, कमी नशेच्या वाणासाठी, सरकारी परवाना लागतो. आपली गच्ची अद्याप उत्तराखंडात गेलेली नाही.

समितीसाठी महत्त्वाचे पुढे आहे. बेकायदा लागवडीची माहिती जमीनधारकाने तत्काळ पोलिसांना द्यावी, असे कलम ४६ म्हणते. आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाराही कलम २५ मध्ये येतो. गच्ची सोसायटीची आहे आणि तिची चावी सचिवांकडे असते. आजवर समितीला ठाऊक नव्हते असे आपण धरून चालू. या पत्राची पोच दिल्यावर तसे धरता येणार नाही.

६०१, ६०४ आणि बी विंगमधील बहुतेक सभासद माझ्याशी सहमत आहेत. वाईटपणा नको म्हणून सही करत नाहीत, इतकेच. तो वाईटपणा नेहमीप्रमाणे मी घेत आहे. पोलिसांत मी स्वतः जाऊ शकलो असतो. शेजारधर्म म्हणून थांबलो.

दिव्याला जाळी बसवावी, वॉटरप्रूफिंगचा खर्च ७०२ कडून घ्यावा आणि गोधडीची नोटीस मागे घ्यावी. बॅगांना वॉचमनला हात लावायला सांगू नये, तो बिचारा विनाकारण अडकेल. त्यांचे काय करायचे ते समितीने कायद्याप्रमाणे ठरवावे.

सचिवांनी माझे मागचे पत्र ‘चष्मा घरी राहिला’ म्हणून घेतले नव्हते. या वेळी दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का द्यावा. मी दारातच थांबतो.

कळावे,
आपला विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ७०१