ओंकारच्या पहिल्या फाइटबद्दल

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

ओंकारला बॉक्सिंग क्लबात जाऊन तीन महिने झालेत, तर पुढच्या महिन्यातल्या जिल्हा निवड चाचणीला त्याचं नाव द्यावं का, असं तू विचारलंस. देऊ नकोस. पोरगं हिरमुसेल, पण ऐक.

आठवड्याला तीन दिवस धरले तर तीन महिन्यांत सराव झाला जेमतेम 36 ते 38 दिवसांचा. एवढ्यात उभं राहणं, पाय हलवणं आणि जॅब-क्रॉस (पुढच्या आणि मागच्या हाताचा सरळ ठोसा) एवढंच अंगात मुरतं. कोऱ्या, धडधाकट मुलाला आठवड्याचे चार-पाच दिवस, रोज दीड तास दिला तर पहिल्या फाइटला तयार व्हायला आठ ते बारा महिने लागतात. पण महिन्यांवर फार विसंबू नकोस. मी स्पारिंगचे, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीचे, राउंड मोजतो. पहिल्या फाइटआधी 40 ते 50 राउंड झालेले हवेत, तेही पाच-सहा वेगवेगळ्या मुलांशी. एकाच जोडीदाराशी खेळत राहिलं की त्याचा ठोसा कधी निघणार हे पाठ होतं आणि पोराला वाटतं आपला बचाव पक्का झाला. त्यात एक तरी डावखुरा असू दे. डावखुऱ्यासमोर दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात, जॅबवर जॅब आपटतो, आणि हे पहिल्यांदा रिंगमध्येच कळलं तर पहिला राउंड गोंधळातच जातो.

पहिले दोन महिने स्पारिंग अजिबात नको. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हुक (बाजूने वळवून मारायचा ठोसा), ब्लॉक (हाताने अडवणं), स्लिप (डोकं हलवून ठोसा चुकवणं), आणि जोडीने ठरवून केलेला सराव: एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त अडवायचा. मग डोकं सोडून फक्त अंगावर मारायचं स्पारिंग. पाचव्या महिन्यापासून हलकं, पूर्ण स्पारिंग, 14 किंवा 16 औंसाचे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड आणि माउथगार्ड घालून. जोरातलं स्पारिंग आठवड्यातून एकदाच, आणि फाइटच्या आधीचे दहा दिवस तेही बंद. हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, पण डोक्याला बसणारा हादरा तो थांबवत नाही. म्हणून ‘हेडगार्ड आहे ना, मार’ असं कुणी म्हणत असेल तर ओंकारला तिथून बाहेर काढ.

तयारी झाली की नाही हे तुला स्वतःला बघता येईल. स्पारिंगच्या तिसऱ्या राउंडचा मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि हळू चालवून बघ. जॅब मारताना त्याचा उजवा हात हनुवटीशी आहे का? मारलेला डावा हात सरळ गालाशी परत येतो, की कमरेवरून फिरून येतो? दमलेल्या मुलाचा हात खालूनच येतो, आणि नेमक्या त्या फटीतून समोरच्याचा उजवा ठोसा घुसतो. ठोसा येताना डोळे मिटतात का, तोंड फिरवून पाठ दाखवतो का, हेही बघ. डोळे मिटत असतील तर अजून दोन महिने थांब, मग टांगलेल्या बॅगवर तो कितीही जोरात मारत असो.

निवड चाचणीची खरी अडचण वेगळीच आहे. तिथे वजनगट आणि वयोगट बघून जोड्यांचा ड्रॉ पडतो, अनुभव कुणी बघत नाही. ओंकारची पहिली फाइट आणि समोरच्याची विसावी, असं सहज होतं. म्हणून आधी दोन क्लबांतली मैत्रीपूर्ण लढत ठरवायला सांग: समोरचा जास्तीत जास्त दोन-तीन फाइट खेळलेला, वजनात दोन किलोच्या आत, आणि राउंड दोन-दोन मिनिटांचे. चाचणीत मात्र यूथ गटात, म्हणजे 17-18 वयाला, तीन राउंड तीन-तीन मिनिटांचे असतात, मध्ये एक मिनिट विश्रांती. बाहेरून तीन मिनिटं किरकोळ वाटतात.

दम तिथेच जातो. रोज पाच किलोमीटर पळणारी मुलंसुद्धा पहिल्या फाइटच्या दुसऱ्या राउंडला हात वर धरू शकत नाहीत. पळणं कमी पडलं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे भीतीने खांदे आवळलेले असतात, श्वास रोखून धरलेला असतो आणि पहिल्या चाळीस सेकंदांत सगळी ताकद उधळलेली असते. प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून ‘फुस्’ करून श्वास सोडायची सवय कोचने हातात धरलेल्या पॅडवरच लागायला हवी. शेवटचे सहा आठवडे बॅग आणि पॅड घंटेवरच, तीन मिनिटं काम, एक मिनिट आराम, असे पाच-सहा राउंड. आठवड्यातून दोनदा 400 मीटरच्या सहा ते आठ धावा. आणि रिंगमध्ये उतरल्यावर पहिली तीस सेकंदं फक्त जॅब आणि फिरणं, हे आधीच ठरवून ठेव. परीक्षक गुण देतात ते मुठीच्या पुढच्या, बोटांच्या पेरांच्या भागाने स्वच्छ लागलेल्या ठोशाला, तळव्याने मारलेल्या थपडांना नाही.

वजनासाठी उपाशी ठेवू नकोस. तो ज्या वजनाला नीट जेवून-खाऊन सराव करतो, तोच त्याचा गट. किलो-दीड किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही, आणि तेही पंधरा दिवसांत, जेवण सांभाळून. प्लॅस्टिकचा सूट घालून पळणं, पाणी तोडणं, थुंकत बसणं हे मुलं एकमेकांचं बघून करतात. वजन सकाळी होतं आणि फाइट त्याच दिवशी. शरीरात पाणी कमी असताना डोक्याला बसलेला मार जास्त धोक्याचा. वजन झाल्यावर पाणी, केळी, वरण-भात, आणि रिंगच्या आधी तीन तास पोट हलकं.

हाताची पट्टी त्याला स्वतः बांधता यायला हवी. साडेचार मीटरची घे. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, पेरांवर तीन, बोटांच्या मधून, पुन्हा अंगठा, आणि शेवट मनगटावर. हात उघडा असताना सैल आणि मूठ आवळल्यावर घट्ट वाटली तर बरोबर. मुलं पेरांवर गठ्ठा करतात आणि मनगट मोकळं सोडतात. मग घाईत मारलेला रुंद हुक शेवटच्या दोन पेरांवर बसतो आणि करंगळीमागचं हाड मोडतं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्पारिंगनंतर डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन झाला नाही किंवा झोप बिघडली, तर ते त्याने कोचकडे लपवू नये. घरी तूच विचारत जा. त्या दिवसापासून डोक्याला मार बसेल असं काहीच नको आणि डॉक्टरला दाखवायचं. डोक्याच्या मारामुळे सामना थांबवला गेला तर नियमाप्रमाणे किमान 30 दिवस रिंगही नाही आणि स्पारिंगही नाही. क्लबात हे पाळतात का, ते कोचला सरळ विचार. उत्तर देताना तो चिडला तर क्लब बदल.

तिसऱ्या राउंडचा व्हिडिओ मला पाठव, दोघं मिळून बघू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता