पोलंडला जाणाऱ्या मुलांना तिथलं जगणंही दाखवा

संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत परवा 'काळ्या पर्यटना'वर, म्हणजे मृत्यूच्या आणि संहाराच्या जागा बघायला जाण्यावर, लेख आला होता, त्यात पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीचा फोटो आणि खाली एक ओळ होती की हल्ली ज्यू तरुणांचे ग्रुपच्या ग्रुप इथे येतात. बाकी लेख चांगला होता, पण ही ओळ मला खटकली. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू, घरात मराठीच बोलतो, आणि आमच्या नात्यातली मुलं अशा ट्रिपना जाऊन आलीत, म्हणून लिहिते. जिथे आपल्या पणजोबांचं घर होतं आणि जिथे त्यांना मारलं तिथे जाणं याला पर्यटन कसं म्हणायचं?

आधी थोडी माहिती देते कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. अशा ट्रिपा दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे बर्थराइट, 1999 साली सुरू झालं, इस्राएलबाहेरच्या 18 ते 26 वयाच्या ज्यू मुलांना साधारण दहा दिवस इस्राएल फुकट दाखवतात, आत्तापर्यंत आठ लाखांच्या वर मुलं गेलीत, आपल्या भारतातलीही जातात. माझा भाचा गेला होता, जेरुसलेम, मृत समुद्र, याद वाशेम हे होलोकॉस्टचं स्मारक असं सगळं बघून खूश होऊन आला. दुसरा प्रकार पोलंडचा, आणि तो खूप जड आहे. 1988 मध्ये सुरू झालेला 'मार्च ऑफ द लिव्हिंग' आता दरवर्षी होतो, होलोकॉस्टच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मृतिदिनाला जगभरातून आलेली हजारो माणसं, त्यात तरुण मुलंच जास्त, ऑशविट्झच्या त्या लोखंडी गेटपासून त्याच छावणीच्या बिर्केनाऊ या भागापर्यंत तीन किलोमीटर चालत जातात. सुरुवातीला शोफार, म्हणजे एडक्याचं शिंग, फुंकतात. बिर्केनाऊला पोचल्यावर मुलं रेल्वेच्या रुळांमध्ये लाकडाच्या छोट्या पाट्या खोचतात, त्यावर गेलेल्या माणसांची नावं पेनाने लिहिलेली असतात. त्याशिवाय इस्राएलच्या शाळांच्या, कॉलेजांच्या, निरनिराळ्या संस्थांच्या ट्रिपा वर्षभर चालूच असतात.

माझी बहीण सत्तरच्या दशकात इस्राएलला गेली, अश्दोदला असते. तिच्या मुलीने लग्न केलं ते पोलंडहून आलेल्या घराण्यातल्या मुलाशी, त्यांचं मूळ बियाविस्तोकच्या बाजूचं. त्यांची मुलगी, म्हणजे बहिणीची नात, आर्मी संपवून कॉलेजला लागली आणि कॉलेजच्या ग्रुपबरोबर पोलंडला गेली. तिथून ती मला मोडक्यातोडक्या मराठीत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवायची, मावशीआजी मावशीआजी करत. ऑशविट्झच्या ब्लॉक 27 मध्ये नावांचं पुस्तक आहे, पुस्तक म्हणजे माणसाच्या उंचीची पानंच्या पानं टांगलेली, त्यात चाळीस लाखांच्या वर नावं, आडनावाप्रमाणे लावलेली. तिथे प्रत्येक मुलगा पहिल्यांदा आपलं आडनाव शोधतो. तिला वडिलांकडचं आडनाव सापडलं, एक दोन नाही, ओळीच्या ओळी. मग तिने आईकडचं, आमचं 'कर'वालं आडनाव शोधलं. ते नव्हतंच. हे सांगताना तिचा आवाज एकदम बदलला आणि मला म्हणाली, मावशीआजी, मग आपली माणसं तेव्हा काय करत होती?

आता याचं उत्तर मी काय देणार, आपली माणसं तेव्हा कोकणात आणि मुंबईत होती, नोकऱ्या करत होती, शनिवारी सिनेगॉगला जात होती, मन्नत फेडायला मलिदा करत होती, पोहे खोबरं फळं ताटात लावून एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेत होती. कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे कारण शनिवारी घाणा बंद, पण त्यावरून कोणी दगड मारला नाही की दार तोडलं नाही. या देशाने आम्हाला कधी त्रास दिला नाही हे आमच्यातला प्रत्येक म्हातारा माणूस सांगतो आणि ते खरंच आहे.

पण तिच्या त्या प्रश्नावरूनच माझ्या मनात आलं ते असं की या ट्रिपांमध्ये मरणावर इतका भर असतो की जगणं मागे पडतं. बऱ्याच ग्रुपचं वेळापत्रक मी विचारून घेतलंय. ऑशविट्झ, मायदानेक, ट्रेब्लिंका, मध्ये बसचा प्रवास, रात्री हॉटेलात बसून चर्चा, झोप, सकाळी पुढचा कॅम्प. हे बघितलंच पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही. मायदानेक तर लुब्लिन शहराला लागून आहे, तिथून वस्ती दिसते, आणि रशियाची रेड आर्मी जुलै 1944 मध्ये एकदम येऊन थडकल्यामुळे नाझींना ते नीट पाडताही आलं नाही, म्हणून ते इतकं शिल्लक आहे. मुलांनी ते डोळ्यांनी बघायला हवं. पण युद्धाच्या आधी पोलंडमध्ये 33 लाख ज्यू होते, त्यातले 30 लाख मारले गेले, हे आकडे ऐकून एकवीस वर्षांच्या मुलीच्या हातात काय येतं? ते 33 लाख लोक काय खायचे, काय गायचे, कशावरून भांडायचे, कुठली वर्तमानपत्रं वाचायचे हे कळल्याशिवाय काय गेलं ते कळणारच कसं.

तिच्या ग्रुपची ट्रिप मला चांगली वाटली ती याच कारणाने. त्यांनी वॉर्सात पोलिन म्युझियमला एक अख्खा दिवस दिला. 2014 मध्ये त्याचं मुख्य दालन उघडलं, ज्या जागेवर वॉर्सा घेट्टो (नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेला भाग) होता तिथेच, आणि त्यात पोलंडच्या ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास आहे, होलोकॉस्ट हा त्यातला एक भाग. मग टिकोचिन नावाच्या छोट्या गावात नेलं, तिथे 1642 सालचं सिनेगॉग आहे, भिंतींवर हिब्रू प्रार्थना रंगवलेल्या. तिथे मुलं आधी गाणी म्हणतात, नाचतात, कारण त्या गावातले जवळजवळ निम्मे लोक ज्यू होते आणि तिथे सण असेच व्हायचे. आणि मग बस त्यांना जवळच्या लोपुखोवोच्या जंगलात नेते, जिथे ऑगस्ट 1941 मध्ये दोन दिवसांत गावातल्या जवळजवळ सगळ्या ज्यूंना गोळ्या घातल्या. गाणं आधी आणि जंगल नंतर, हा क्रम ज्याने कोणी पहिल्यांदा लावला त्याला शिकवणं म्हणजे काय ते कळलं होतं. ती म्हणाली की ऑशविट्झला मी सुन्न झाले होते पण रडले ते टिकोचिनला.

आणखी एक गोष्ट तुमच्या वाचकांसाठी, कारण ती आपल्या जवळची आहे. ट्रेब्लिंकाला आता कॅम्पचं काहीच उरलं नाहीये, तिथे 17 हजार दगड उभे केलेत, काहींवर गावांची नावं. एकाच दगडावर एका माणसाचं नाव आहे, यानुश कोर्चाक. हे डॉक्टर वॉर्सात अनाथाश्रम चालवायचे आणि ऑगस्ट 1942 मध्ये दोनशेच्या आसपास मुलांबरोबर स्वतः ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढले. त्याच्या काही आठवडे आधी, 18 जुलैला, त्यांनी घेट्टोतल्या त्या आश्रमात मुलांकडून रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर' बसवून घेतलं होतं, आजारी अमलची गोष्ट. आपल्या शाळांमधून हे कोणी सांगत नाही, सांगायला हवं.

ट्रिपांवर टीकाही होते आणि ती सगळी चुकीची नाही. इस्राएलचे ग्रुप गार्ड घेऊन बंद बसमधून फिरतात, पोलिश माणसांशी बोलतच नाहीत, त्यामुळे मुलं अख्ख्या देशाबद्दल राग घेऊन परततात. 2022 मध्ये गार्ड आणि अभ्यासक्रमावरून दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि शाळांच्या ट्रिपा थांबल्या, 2023 मध्ये समझोता झाला. माझं म्हणणं एवढंच की तिथल्या तरुणांबरोबर निदान एक संध्याकाळ तरी घालवावी. क्राकूवमध्ये 2008 पासून ज्यू कम्युनिटी सेंटर आहे, तिथे आजही शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं, जेवण होतं, तिथे न्या मुलांना. साक्षीदार आता संपत चाललेत. जानेवारी 2025 मध्ये ऑशविट्झ मुक्तीला 80 वर्षं झाली तेव्हा व्यासपीठावर राजकारण्यांना बोलू न देता छावणीतून वाचलेल्यांना बोलू दिलं हे फार बरं झालं, पण ते सगळे नव्वदीच्या आसपासचे होते. त्यांच्या तोंडून जे ऐकायचंय ते आत्ताच ऐकायला हवं, पुढच्या मुलांना ते मिळणार नाही.

आणि इस्राएलची मुलं आर्मी झाली की गोव्याला, मनालीला येतात महिनोन्महिने, त्यातल्या ज्यांची आजी कोकणातली आहे त्यांनी एक दिवस अलिबागजवळ नवगावला जावं, जिथे आमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं आम्ही मानतो, तिथे स्मारक आहे. रेवदंड्याला, अलिबागला सिनेगॉग बघावं, इथल्या म्हाताऱ्यांशी बोलावं. बहिणीच्या नातीला मी हेच लिहिलंय आणि ती हिवाळ्यात येतेय.

शेवटी तुमच्या वाचकांपैकी जे युरोप टूरमध्ये ऑशविट्झला जाणार असतील त्यांच्यासाठी. प्रवेश फुकट आहे, पण म्युझियमच्या साइटवर आधी वेळ बुक करावी लागते, गाइडचे पैसे वेगळे. गाइड जरूर घ्या, घाई करू नका, रुळांवर उभं राहून सेल्फी काढू नका. 14 वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं म्युझियम स्वतःच सांगतं. आणि पुढच्या वेळी पुरवणीत पोलंडवर लेख आला तर पोलिन आणि टिकोचिनवरही लिहा, फोटो हवे असतील तर नातीकडून मागवून देते.

आपली,
एक वाचक, ठाणे