उद्याच्या संगणकाला 'काल' हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उद्याची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, कशी असेल यावरचा लेख वाचला. पडदा नसेल, फाइल नसेल, फोल्डर नसेल, माणसाने नुसतं बोलायचं आणि यंत्राने करायचं, असा एकूण सूर होता. मी बडोद्याला रावपुऱ्यात 1994 पासून डीटीपीचं काम करते. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका आणि श्रद्धांजलीची कार्डं, मराठीत नि गुजरातीत. पाटीवर 'लग्नपत्रिका' असं लिहिलंय, पण आमचं इथलं मराठी गिऱ्हाईकही आत येऊन 'कंकोत्री करायचीय' असंच म्हणतं. बोलून काम करणाऱ्या यंत्राने आधी हे समजून घ्यावं, मग बाकीचं बघू. पण मी लिहितेय ते त्यासाठी नाही. लेखात उद्याबद्दल पुष्कळ होतं, कालबद्दल एक ओळ नव्हती.

गेल्या वैशाखात एक मुलगी दुकानात आली. आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. त्यांची 2000 सालची पत्रिका मीच केली होती. तीच हवी, जशीच्या तशी, फक्त तारीख आणि हॉलचा पत्ता बदलून. मी ऐटीत म्हटलं, उद्या ये. माझ्याकडे बुटांच्या खोक्यांत सीड्या जपलेल्या आहेत, प्रत्येकीवर स्केचपेनने साल आणि महिना. सीडी सापडली आणि चक्क चालली. फाइलही उघडली. गणपती जागेवर, कलश जागेवर, कडेची वेलबुट्टी जागेवर. नवऱ्या मुलाच्या नावाच्या जागी मात्र डॉलरचं चिन्ह, दोन उलटी प्रश्नचिन्हं आणि एक स्वल्पविराम. 'कृपाभिलाषी'च्या जागी नुसते चौकोन.

तेव्हाचे फॉन्ट एका काळ्या डबीवर चालायचे. ती संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायची, ती नसली तर फॉन्ट हूं की चूं करायचे नाहीत. डबी अजून आहे माझ्याकडे, ते पोर्ट असलेला संगणक राहिला नाही. इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरशीवर उभं राहून मी लहानपणी पुस्तकं शोधलीत. तिथलं शंभर वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक आजही उघडलं की वाचता येतं. माझी पंचवीस वर्षांची फाइल येत नाही.

असं का होतं ते भाच्याने दिवाळीत फराळाला बसल्या बसल्या सांगितलं. तो बंगळुरूला सिस्टीमच्याच कामात आहे. त्या फॉन्टांत 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नव्हताच. इंग्रजी अक्षराच्या खोलीत मराठी भाडेकरू ठेवलेला. फॉन्ट होता तोवर दारावर पाटी मराठी, फॉन्ट गेला की मूळ मालक बाहेर येऊन उभा. त्यात प्रत्येक कंपनीने भाडेकरू वेगवेगळ्या खोल्यांत घातलेले, म्हणून माझी फाइल समोरच्या प्रेसमध्ये उघडायची नाही. बरं, नियम नव्हते असंही नाही. भारतीय लिप्यांसाठीचं 'इस्की' हे मानक 1991 सालचं. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तिच्यात देवनागरी होती. मी धंदा सुरू केला तो त्यानंतर तीन वर्षांनी! पण आमची पानं लावायची सॉफ्टवेअर ते पाळत नव्हती, आणि गिऱ्हाईकाला पत्रिका नेहमी परवाच हवी असते.

मग त्याने जे सांगितलं त्यासाठी हे पत्र. युनिकोडची अक्षरं फाइलीत साठवायची जी पद्धत आज जवळपास सगळीकडे चालते, यूटीएफ-8, ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघा संगणकतज्ज्ञांनी 1992 च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखाली घालायच्या कागदावर मांडली. मला हे फारच जवळचं वाटलं. आमच्याकडे निम्म्या पत्रिकांचा मजकूर सेवउसळीच्या बिलाच्या पाठीवरच येतो. तर ती पद्धत त्यांनी काढली बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेत तेव्हा घडत असलेल्या 'प्लॅन 9' नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी. ज्यांनी 1969 साली युनिक्स या आधीच्या सिस्टीमला हात घातला त्यांच्याच घरातलं हे पुढचं अपत्य. बाजारात ते काही चाललं नाही. पण आज मी मोबाइलवर मराठीत लिहिते ते इंदूरच्या माझ्या बहिणीला मराठीतच दिसतं, त्यामागे त्या खाणावळीतला कागद आहे.

प्लॅन 9 मध्ये आणखी एक गोष्ट होती. रोज पहाटे पाचला, म्हणजे आपल्याकडे काकड आरतीच्या सुमारास, फाइली सांभाळणारा संगणक सगळ्या फाइलींची त्या क्षणाची अवस्था टिपून ठेवायचा, एकदा लिहिलं की पुसता येत नाही अशा तबकड्यांवर. साल आणि तारखेच्या नावाने कप्पे. आणि एक आज्ञा होती, 'यस्टरडे'. ती टाइप करून फाइलीचं नाव दिलं की कालची प्रत कुठे आहे ते समोर. परवाची, गेल्या वर्षीची, हवी ती. बॅकअप घ्यायची आठवण ठेवा, हार्ड डिस्क आणा, असलं काही नाही. काल हा त्या सिस्टीमचाच एक भाग होता, जसा घराला माळा असतो.

इतकं सगळं साठवायला जागा कुठून आणायची, असं कोणी म्हणेल. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट लागतात. आठशे खुणांची पत्रिका धरली तरी मजकूर अडीच केबीच्या आत. माझ्या तीस वर्षांचा मजकूर पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावेल. (गणपतीची चित्रं जागा खातात, ते कबूल.)

दर लगीनसराईत कोणीतरी फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊन येतं, तो लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसतात आणि अर्धा दिवस निस्तरण्यात जातो. हेच मोठ्या प्रमाणावर 19 जुलै 2024 ला जगाने बघितलं. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटने विंडोजची सुमारे 85 लाख यंत्रं आडवी झाली, आपल्या देशातल्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यांचे फोटो मी बघितले. अक्षर बरं होतं. ती यंत्रं उठवायला काय करावं लागलं? पुष्कळ ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जायचं, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि ती एक फाइल हाताने काढायची. 'कालच्यासारखं हो' एवढंच सांगायची सोय का नसावी?

आता माझ्याच म्हणण्यात एक अडचण आहे. काही वर्षांपूर्वी एकीच्या पत्रिका छापून गेल्या आणि लग्न मोडलं. मुलीचे वडील आले, उरलेले पैसे चुकते केले, जाताना हळूच म्हणाले, "ताई, ती तुमच्याकडची काढून टाकाल?" मी त्यांच्यासमोर ती पुसली, रिसायकल बिनमधूनही काढली. पुसता न येणाऱ्या तबकडीवर असती तर काय उत्तर दिलं असतं? भाचा म्हणतो, प्रत्येक काम वेगळ्या किल्लीने कुलूपबंद करून साठवायचं. किल्ली नष्ट केली की तबकडीवर उरतं ते कोणालाच वाचता येत नाही. हे मला पटलं. फक्त ती किल्ली माझ्या गल्ल्यात हवी, कुठल्या परदेशी कंपनीकडे नको.

मायक्रोसॉफ्टने 2024 च्या मे महिन्यात 'रिकॉल' जाहीर केलं होतं, दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवायचं म्हणजे पुढे शोधता येईल. खासगीपणावरून इतका गदारोळ झाला की ते लांबणीवर टाकावं लागलं. ती चित्रं आपल्याच संगणकात राहणार होती, तरीही. मला काम जपलेलं हवंय. काम करताना मी कोणाशी काय बोलले, बँकेचा कुठला मेसेज पडद्यावर आला, याची चित्रं कोणी मागितली नव्हती.

राहिला तो बोलणारा, आपणहून कामं उरकणारा संगणक. येऊ दे. माझे सासरे इथल्या एका पेढीवर हिशोब लिहायचे. रोजमेळात चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, चुकीची नोंद तशीच ठेवून खाली उलटी नोंद घालायची, हा त्यांचा शिरस्ता. दिवाळीला चोपडापूजन होतं ते त्याच वह्यांचं. नव्या यंत्राने माझ्या वतीने जे जे केलं त्याचा असा रोजमेळ ठेवावा, सरळ मराठीत: दुपारी चारला तीन फाइली हलवल्या, तुम्ही सांगितलंत म्हणून. वधूच्या आडनावातला काना काढला, मला चूक वाटली म्हणून. मग मी सांगेन, बाबा रे, तो काना परत घाल, त्यांच्याकडे तसंच लिहितात.

त्या मुलीची पत्रिका कशी झाली ते सांगायचं राहिलं. तिच्या आजीने ट्रंकेतून छापील पत्रिका काढून दिली, चारी कोपऱ्यांना कुंकू, पाठीवर पेन्सिलीने आहेराचा हिशोब. ती समोर ठेवून मी सगळं पुन्हा टाइप केलं. बघते तर 2000 साली मी 'आशिर्वाद' छापलं होतं, शिला पहिली वेलांटी. ते सुधारून 'आशीर्वाद' केलं आणि प्रूफ पाठवलं. संध्याकाळी आजींचा फोन. "हे बदललंस होय गं? आमचे व्याही शाळामास्तर होते. भर मांडवात त्यांनी ती चूक वाचून दाखवली होती, सगळे हसले होते. ते आता नाहीत. पहिलीच ठेव."

पुन्हा 'आशिर्वाद' टाइप केलं. खाली लाल रेघ उमटली. ती तशीच राहू दिली आणि दीडशे प्रती छापल्या.

आपली,
एक डीटीपीवाली
रावपुरा, बडोदा