समीर, माझी व्हिस्की आयर्लंडची

प्रिय समीर,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज ऐकला. स्कॉच ती स्कॉच, बाकीचे सगळे तिची नक्कल करतात, असं तू ठासून सांगितलंस आणि वर विचारलंस की तुझी आवडती कुठली ते एकदाचं बोल. फोनवर हे नीट होत नाही रे, मध्येच तुझी मीटिंग येते नाहीतर माझं गिऱ्हाईक, म्हणून आज रविवारी दुपारी निवांत लिहायला बसलोय. उत्तर आधीच देऊन टाकतो, आयर्लंडची. त्यातही जेमसनसारखी ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून केलेली, ती नाही, तिकडे जिला सिंगल पॉट स्टिल म्हणतात ती. आता का ते सांगतो, आणि ते सांगायला आधी सगळ्या जगातून फिरून यावं लागेल.

स्कॉचपासूनच सुरू करतो कारण तुझा जीव तिच्यात आहे, आणि तिचा मान मला पण आहेच. नियम बघ किती कडक, स्कॉटलंडमध्येच गाळायची, ओकच्या पिंपात कमीत कमी ३ वर्षं तिथेच ठेवायची, बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. सिंगल मॉल्ट म्हणजे फक्त मोड आणलेला जव आणि एकाच डिस्टिलरीतला माल. पण तू 'स्कॉच' हा एकच शब्द वापरतोस ना, तिथे मला थांबावंसं वाटतं. स्पेसाइडची ग्लेनलिव्हेट आणि आयला बेटावरची लॅफ्रॉइग शेजारी शेजारी ठेव आणि कुणालाही वास दे, ह्या एकाच देशातल्या आहेत ह्यावर त्याचा विश्वास बसणार नाही. एकीत सफरचंद, मध, फुलं, आणि दुसरीत धूर, आयोडीन, समुद्राचं खारं वारं. कारण साधं आहे, बेटावर झाडं कमी, जळणाला लाकूड नाही, मग लोकांनी जमिनीतलं पीट, म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती, खणून काढलं, वाळवलं, आणि मोड आलेला जव त्याच्याच धुरावर सुकवला. तो धूर दाण्यात शिरला आणि तिथून थेट ग्लासात. मला हे फार आवडतं की चवीमागे कुणाची तरी अडचण असते, हाताशी जे होतं त्यातून माणसांनी मार्ग काढलेला असतो. तुझी ती लागाव्हुलिन १६, म्हणजे १६ वर्षं मुरलेली, ती पण आयलाचीच, आणि ती चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण ती मला महिन्यातून एखाद्या वेळी पुरते. तो धूर एकदा जिभेवर बसला की रात्रभर दुसरं काही बोलू देत नाही.

अमेरिकेच्या बरबनचं तुला पटणार नाही माहितीये, तू तिला गोड म्हणून बाजूला सारतोस. पण अमेरिकेतल्या एका नियमावर आख्ख्या जगाची व्हिस्की उभी आहे हे लक्षात घे. बरबनमध्ये निदान ५१ टक्के मका पाहिजे आणि ती ठेवायची ती आतून जाळलेल्या, कोऱ्या करकरीत ओकच्या पिंपात. कोऱ्याच. एकदा वापरलेलं पिंप परत बरबनला चालत नाही. मग त्या पिंपांचं काय होतं? ती जहाजात बसून स्कॉटलंडला जातात, आयर्लंडला जातात, आपल्याकडे पण येतात, आणि तुझ्या स्कॉचमध्ये जो व्हॅनिलाचा वास येतो ना तो बऱ्याचदा बरबनवाल्या केंटकीहून उसना आलेला असतो. बरबन स्वतः प्यायची तर मला ती थंडीत आवडते, चिक्कीच्या पाकाचा वास, जळक्या लाकडाचा थोडा कडूपणा, पटकन जवळची होते. पण दुसऱ्या पेगला तिच्याकडे नवीन सांगायला फारसं उरत नाही असं माझं मत झालंय. टेनेसीवाले तीच दारू पिंपात भरायच्या आधी मेपलच्या कोळशातून गाळून घेतात, जॅक डॅनिअल्स त्यातलीच. कॅनडाची हलकी असते, सोड्यात बरी.

जपानची गोष्ट मात्र मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. मासाताका ताकेत्सुरु नावाचा पोरगा १९१८ साली जहाजाने स्कॉटलंडला गेला, तिथे केमिस्ट्री शिकला, डिस्टिलऱ्यांमध्ये हाताने काम केलं, वहीत सगळं टिपून घेतलं, तिथल्याच रीटा नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि १९२० मध्ये तिला घेऊन परत आला. शिंजिरो तोरी ह्यांनी १९२३ मध्ये यामाझाकी डिस्टिलरीचं काम सुरू केलं त्यात तो होता, मग १९३४ मध्ये त्याने होक्काइदोतल्या योइचीला स्वतःची डिस्टिलरी काढली, तीच पुढे निक्का नावाची कंपनी झाली. आता ह्याला नक्कल म्हणायचं का? सुरुवात नकलेनेच झाली, मान्य, पण मिझुनारा नावाच्या त्यांच्या ओकच्या पिंपात ठेवलेल्या व्हिस्कीत चंदन, अगरबत्तीचा जो वास उतरतो तो स्कॉटलंडमध्ये कुठून येणार? वाईट एवढंच वाटलं की बरीच वर्षं बाहेरून आणलेली दारू तिथे बाटलीत भरून 'जपानी' म्हणून विकता येत होती. २०२१ मध्ये त्यांच्या उत्पादकांच्या संघटनेने नियम केले की जपानी म्हणायचं तर तिथेच गाळलेली आणि तिथेच निदान ३ वर्षं मुरलेली पाहिजे. चांगलं केलं. पण आता भाव असे चढलेत की ती विकत घेऊन प्यायची म्हणजे आपल्यासारख्याने दोनदा विचार करायचा.

आणि आता तुझं स्वतःचं गाव. समीर, तू बंगळुरात राहतोस आणि मला स्कॉच सोडून काही नाही म्हणतोस ह्याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. म्हैसूर रोडला अमृतची डिस्टिलरी आहे. त्यांनी २००४ मध्ये आपली सिंगल मॉल्ट पहिल्यांदा विकायला काढली ती कुठे, तर ग्लासगोमध्ये, स्कॉच पिणाऱ्यांच्याच अंगणात. आणि २०१० मध्ये व्हिस्कीचा समीक्षक जिम मरे ह्याच्या 'व्हिस्की बायबल' ह्या पुस्तकाने अमृत फ्युजनला ९७ मार्क देऊन जगात तिसरी ठरवली. फ्युजन म्हणजे आपला जव आणि स्कॉटलंडचा पीटवर सुकवलेला जव, दोन्ही एकत्र. पॉल जॉन गोव्याची, ती पण मला आवडते.

आपल्याकडच्या उन्हाने काय होतं ते ऐक. पिंपातून दारू दरवर्षी थोडी उडून जाते, स्कॉटलंडच्या थंडीत साधारण २ टक्के, बंगळुरात १० ते १२ टक्के. म्हणजे तिकडच्यासारखी १८ वर्षं पिंपात ठेवायची म्हटलं तर पिंपात उरायचं काय? पण त्याच उष्णतेने दारू लाकडात जोरात आत बाहेर करते, त्यामुळे ४-५ वर्षांत इतका रंग आणि इतकी चव घेते की वयाचा आकडा बघून व्हिस्की निवडणाऱ्यांचा हिशेबच चुकतो. तुला पण माझी हीच विनंती आहे, बाटलीवरचा आकडा बघून भाव करू नकोस, ती कुठल्या हवेत मुरली ते बघ.

आपलं नाशिक सगळ्यांना वाईनसाठी माहिती आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. पण दिंडोरीला सिंगल मॉल्ट बनते हे इथल्याच कित्येक लोकांना माहिती नाही. लाँजिट्यूड ७७, २०२२ च्या शेवटी आली. बरबनच्या पिंपात मुरवून मग शेवटी वाईनच्या पिंपात ठेवतात. मी पहिल्यांदा प्यालो तेव्हा आधी मनाशी ठरवलं की गावची आहे म्हणून कौतुक करायचं नाही, आणि तरी ती आवडली, गोडसर, थोडी मसालेदार, शेवटी पिकलेल्या फळाचा वास. आपल्या दिंडोरीच्या रस्त्याला हे बनतंय ह्याचा मला मनापासून अभिमान आहे. आणि हे पण खरं की आपल्या देशात व्हिस्की म्हणून जी सगळ्यात जास्त खपते तिच्यात बरीचशी मळीपासून काढलेली स्पिरिट असते, युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकायला परवानगी नाही, तिकडे धान्यच पाहिजे. म्हणून धान्यापासून, तेही फक्त जवापासून, इथे कुणी नेटाने काम करतंय ते मला फार मोठं वाटतं.

आता माझ्या आवडतीकडे येतो.

आयर्लंडमध्ये १७८५ साली मॉल्टवर कर लागला. मॉल्ट म्हणजे मोड आणलेला जव, मग तिथल्या लोकांनी काय केलं, मोड न आणलेला कच्चा जव त्यात मिसळायला लागले, त्याच्यावर कर नव्हता. कर चुकवायला केलेली गोष्ट, पण त्यातून जी चव आली ती दुसऱ्या कुठल्या देशाकडे नव्हती. आज नियमच आहे की पॉट स्टिल म्हणायचं तर निदान ३० टक्के मोडाचा आणि निदान ३० टक्के कच्चा जव पाहिजे. हीच एके काळी जगातली सगळ्यात मानाची व्हिस्की होती, स्कॉच तिच्यापुढे मागे होती. मग डब्लिनच्याच एनियस कॉफीने १८३० मध्ये सलग चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं, ज्यात स्वस्तात भरपूर माल निघतो. आयरिश लोकांनी ती भट्टी नाकारली, म्हणाले ह्यात चव नाही. स्कॉटलंडने उचलली, ब्लेंड बनवल्या आणि जग जिंकलं. पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी, ब्रिटनशी व्यापाराचं भांडण, एकेक डिस्टिलरी बंद पडत गेली आणि १९७० च्या दशकात आख्ख्या बेटावर दोनच उरल्या, दक्षिणेला मिडलटन आणि उत्तरेला बुशमिल्स. आता परत बऱ्याच उभ्या राहिल्यात. ज्या लोकांनी चवीसाठी धंदा घालवला त्यांचीच चव आज शिल्लक राहिली आणि ती आपल्याला प्यायला मिळते, हे मनात आलं की मला दरवेळी भरून येतं.

मी जी म्हणतोय ती रेडब्रेस्ट १२. माझ्या मावसभावाने दुबईच्या ड्यूटी फ्रीमधून आणली होती. तीन वेळा गाळलेली, बरबनच्या आणि शेरी ह्या स्पॅनिश वाईनच्या पिंपात मुरलेली, मिडलटनची. वास घेतलास की आधी मनुके, मग भाजलेला सुकामेवा, मग मागून थोडं आलं आणि मिरी. पण खरी गंमत तोंडात आहे. जिभेवर साय पसरावी तशी ती पसरते, जड होत नाही, आणि गिळल्यावर मसाला हळूहळू वर येतो. हा जो तेलकट, दाट स्पर्श आहे ना तो त्या कच्च्या जवाचा. मॉल्टमध्ये मला हा कधी मिळाला नाही. धूर नाही त्यामुळे ती कशाला झाकत नाही, बरबनसारखी पहिल्याच घोटात सगळं सांगून मोकळी होत नाही, आपल्याकडच्या मॉल्टसारखं लाकूड पुढे येत नाही. तासभर ग्लास हातात ठेवला तरी बदलत राहते. मला व्हिस्कीकडून हेच पाहिजे असतं, सोबत. गप्पा चालू राहिल्या पाहिजेत आणि मध्येच कधीतरी घोट घेतल्यावर ग्लासकडे परत बघावंसं वाटलं पाहिजे.

आणि मजा बघ, मिडलटन, ग्लेनलिव्हेट आणि आपली दिंडोरीची ७७, तिन्ही आज एकाच फ्रेंच कंपनीच्या आहेत, पेर्नो रिकार. मालक एक, पण तिन्हींच्या चवीत कुणी कुणाच्या जवळपास नाही. जमीन, हवा, धान्य, जुने कायदे ह्यांच्यापुढे मालकाचं फारसं चालत नाही हे त्यातून कळतं.

तर जानेवारीत तू येतोयस ते पक्कं कर. त्या दिवसांत निफाडला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, गावात पण स्वेटर लागतो, व्हिस्कीला ह्याहून चांगली हवा नाही. तुझी फ्युजन, माझी रेडब्रेस्ट, मध्ये ७७, आणि तुझी लागाव्हुलिन सगळ्यात शेवटी, कारण ती आधी घेतली तर बाकीच्यांचं काही कळणार नाही. बर्फ नको, थंडीने वास दबतो. साधं पाणी चमच्याने थेंब थेंब घालायचं. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर हिशेब करून दाखवलं होतं की पाणी घातल्यावर वासाचे काही रेणू वर पृष्ठभागाकडे येतात, तेव्हा पाणी घालणाऱ्याला नवशिका म्हणणं आता बंद कर. चखण्याला तिखट चिवडा आणि मिसळ आणायची नाही, ते सकाळी. रात्री भाजलेले शेंगदाणे, काजू, काळे मनुके एवढं बस. सगळ्या बाटल्या कागदात गुंडाळू, कुणाला कुठली ते माहिती नसेल, आणि प्रत्येकाने आपली आवडती लिहून द्यायची. वहिनींना पण बसव, त्यांचं नाक तुझ्यापेक्षा चांगलं आहे हे मी तुझ्या लग्नापासून बघतोय. तिकीट काढलंस की तारीख कळव, म्हणजे मी त्या दोन दिवसांत दुकानाला दुसरा माणूस बसवतो.

तुझा,
मंदार