'पुसू नये' वाचणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही बाबांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट वाचवून दिल्यात, पण परवा फोनवर नीट थँक यू म्हणता आलं नाही. घसा दाटला आणि मी रेंज नाहीये सांगून फोन ठेवला. रेंज फुल होती. म्हणून हे लिहितोय.

बाबा १९८१ ते ८६ लंडनला नोकरीला होते, आम्ही सगळे तिकडेच. जानेवारी ८२ ला बीबीसी टू वर 'द कॉम्प्युटर प्रोग्राम' लागला, दहा भागांचा. क्रिस सर्ल आपल्यासारखा काहीच कळत नसलेला माणूस बनून प्रश्न विचारायचा, मॅक म्हणजे इयन मॅकनॉट-डेव्हिस समजावून सांगायचा, आणि टेबलावर तो लालसर बटणांचा बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर. हा मॅक मुळात गिर्यारोहक, १९५६ मध्ये काराकोरममधल्या मुझताग टॉवरवर पहिल्यांदा चढलेल्यांपैकी एक, हे कळल्यावर (बाबा हरिश्चंद्रगडवाले) तो आमच्या घरचाच झाला. शिकवायचाही तसंच, कडा चढताना खालच्याला सांगावं तसं, आधी हा हात, मग तो पाय.

बाबांनी भाड्याच्या व्हीसीआरवर जमेल तेवढं घेऊन ठेवलं, पुढचा 'मायक्रो लाइव्ह' पण. आणि २ ऑक्टोबर १९८३ चा तो लाइव्ह कार्यक्रम! टीव्हीवर ईमेल कसा वापरतात ते दाखवत होते आणि भर कार्यक्रमात स्क्रीनवर हॅकर लोकांची कविता उमटली, खात्यात कोणीतरी घुसलेलं. पाहुणे आले की बाबा हाच तुकडा लावायचे, चहा गार झाला तरी चालेल.

यातल्या एका कॅसेटवर मी कार्टून घेतलं. बाबा ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाकीच्या कॅसेटच्या लेबलांवर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं, 'पुसू नये'. कार्यक्रमाचं नाव, तारीख सगळं इंग्रजीत, एवढंच मराठीत. कोणासाठी ते कळलं मला.

मग ठाणे. शाळांमधून कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारच्या 'क्लास' नावाच्या योजनेत आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो आला, चपला बाहेर, वर कापड झाकलेलं, आणि सगळी पोरं लांबून बघत असताना मला वाटलं अरे हा तर आपला मॅकवाला.

बाबा मार्चमध्ये गेले. माळ्यावरून कॅसेट काढल्या तर इतक्या पावसाळ्यांची पांढरी बुरशी. पहिल्या दुकानदाराने तीन आठवडे ठेवून घेतल्या आणि उघडूनही न बघता म्हणाला फेकून द्या साहेब. दुसरा म्हणाला यूट्यूबवर असेल की. अहो माहितीये, बीबीसीनेच २०१८ मध्ये हे सगळं नेटवर ठेवलंय, चित्रही आमच्यापेक्षा स्वच्छ. पण त्यात बाबांचा उशिरा दाबलेला स्टॉप नाहीये, ज्याच्यामुळे शेवटी हवामानवाला अर्धं वाक्य बोलून गायब होतो. हे त्या काउंटरवर समजावताना मीच वेडा ठरलो.

तुम्हाला समजवावंच लागलं नाही. तुम्ही नुसतं विचारलं, "अक्षर कोणाचं?"

टेप साफ कशी केलीत, किती दिवस लागले ते तुम्हालाच ठाऊक. मला आठवतंय ते एवढंच, कवच बदलावं लागलं तरी जुनं लेबल तुम्ही अख्खं सोडवून नव्यावर लावलंत, फाटका कोपरासुद्धा जागच्या जागी. आणि माझ्यादेखत स्क्रूड्रायव्हरने मागचा तो रेकॉर्डिंगचा टॅब मोडलात, जो मोडला की त्यावर परत काही रेकॉर्ड होत नाही. कट्. मी बघतोय म्हटल्यावर म्हणालात, "लिहिलंय ना त्यांनी, पुसू नये."

काका, त्या एका 'कट्' साठी हे सगळं पत्र. माझ्या वडिलांना तुम्ही कधी पाहिलं नाही आणि चाळीस वर्षांनी त्यांचं म्हणणं ऐकलंत. अशी कामं कोणी बिलात लावत नाही, तुम्हीही लावलं नाहीत. हाताने नीट काम करणारी माणसं आहेत अजून, फक्त त्यांच्या दुकानावर बोर्ड लहान असतो.

घरी येऊन जुनं कवच बघितलं. बाबांनी टॅब मोडलाच नव्हता. नुसतं लिहून माझ्यावर सोडलं होतं.

कार्टूनवाली कॅसेट पण सापडलीये, तिला लेबल नाही. शनिवारी घेऊन येतो. शेवटी मॅकचं काही उरलं असेल तर बघा, नाहीतर कार्टून तरी वाचवा.