मित्रास पत्र: "कुठले पाटील?"

सानपाडा,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, आणि फोनवर आपण मॅच आणि मासळीच्या भावापुढे जातच नाही. आज लिहायला बसलो, कारण सकाळी जे झालं ते सुनीताला सांगून झालं, तिला वाईटही वाटलं, पण ते कुठे लागलंय हे तुलाच कळेल. माझी शुगर आटोक्यात आहे. आण्णांचे गुडघे तसेच. बास.

सकाळी सोसायटीची मीटिंग होती. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे, मालक बंगळुरूला असतो. त्याने भाडेकरू ठरवलेत. नवराबायको, तो बँकेत, ती वाशीला एका हॉस्पिटलात नर्स. कागद फिरत फिरत अध्यक्षांकडे गेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "पाटील? कुठले पाटील? घाटावरचे की इथले?"

पत्ता घणसोली गावातला होता. म्हणजे इथले, आगरी.

मग काय, सुरूच झालं. हळद म्हणजे रात्रभर डीजे. अंगावर किलोभर सोनं. जमिनीचा फुकटचा पैसा. काही बोलायला जा, खाली वीस पोरं उभी. प्रत्येकाकडे एक किस्सा होता. मी नीट ऐकत होतो, त्यातला एकही किस्सा सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरातला नव्हता. कोणाच्या मेव्हण्याची सोसायटी, कोणाच्या ऑफिसातल्या बाईची बिल्डिंग. आणि याच लोकांनी दहा मिनिटांपूर्वी विमानतळामुळे आपल्या फ्लॅटचे भाव किती वाढले यावर चहा घेतला होता. तो विमानतळ कोणाच्या गावांवर उभा राहिला, हे मात्र एकाच्याही मनात आलं नाही.

आता पुढचं ऐक. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "आता आपले पाटीलच बघा. वडील माथाडी, साताऱ्याकडचे. पण कोणी म्हणेल का? यांच्यासारखे पाटील असते तर प्रश्नच नव्हता."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, बाळ्या.

कोणी म्हणेल का, म्हणजे काय रे? काय दिसायला हवं होतं माझ्यात? घरी आलो तर दाराआड आण्णांचा गोण्या उचलायचा हुक टांगलेला. माहीतच आहे तुला, मूठ लाकडी, घासून घासून काळी झालेली. 1981 मध्ये कांदा-बटाटा बाजार मुंबईतून इकडे आला, त्याच्या मागोमाग आण्णा आले. मानेखालचा घट्टा अजून हाताला लागतो. त्या माणसाने आयुष्यात कोणाच्या गोणीतला एक कांदा उचलला नाही, आणि "घाटी" हा शब्द मात्र गोणीसारखाच रोज उचलला. तोच माणूस माझ्या कौतुकात बाजूला काढून ठेवला गेला आणि मी दात दाखवले.

तू मला कितीदा सांगितलं होतंस. "तू आगरी वाटतच नाहीस" असं कोणी म्हणालं की तू दोन दिवस घुम्यासारखा असायचास. मी म्हणायचो, अरे चांगलंच म्हणाले की. खरं सांगतो, मला ते आज कळलं.

आणि मला तोंड तरी कुठे आहे? गॅदरिंगची ती नक्कल मी विसरलेलो नाही. गळ्यात खोट्या चेना, "मना काय सांगतंस" करत मी स्टेजवर धुडगूस घातला, अख्खा हॉल लोळला, आणि तू तिसऱ्या रांगेतून उठून गेलास. तीन महिने अबोला. पण हेही सांगतो, आठवीत खाडीकाठच्या मॅचमध्ये "घाटी, तुला एलबीडब्ल्यू काय कळतो" असं पहिलं तूच म्हणाला होतास. आणि तू आऊटच होतास. मधल्या स्टंपासमोर होता तुझा पाय! ते भांडण मी मरेपर्यंत सोडणार नाही.

अबोला सुटला तो तुझ्या ताईच्या हळदीत, आठवतं? मी आलो तेव्हा डीजेबीजे काही नव्हतं. तुझी आजी पाटावर बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात होती, तोंडात दात नाही, मुठीत तांदूळ, डोळे मिटलेले. मी तुला हळूच विचारलं, भटजी कधी येणार? तू म्हणालास, आमच्यात धवलारीणच लग्न लावते, ही आजीच आमचा भटजी. बाईच्या तोंडून लग्न लागतं हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मीटिंगमध्ये "यांच्या हळदी" म्हणून माना हलत होत्या तेव्हा मला आजीची ती मूठ दिसत होती. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

फुकटचा पैसा म्हणे! नवी मुंबई वसवायला सिडकोने 95 गावांची जमीन घेतली. खाचरं गेली, मिठागरं गेली. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचा मार्ग मोकळा झाला. दि. बा. पाटलांमागे उन्हात उभे राहिलेले ते लोक कोणाच्या खिजगणतीत नाहीत. काका लंगडत घरी आले ते तू मला एकदाच सांगितलंस, तेही अंधारात, गच्चीवर.

सोसायटीचा खजिनदार म्हणून मी रोज खाती बघतो, म्हणून मला हे असं दिसतं. एका आगरी पोराने दारू पिऊन राडा केला की नोंद सगळ्या आगऱ्यांच्या खात्यावर. एखादा सरळ निघाला की ती नोंद त्याच्या एकट्याच्या नावावर, "तो वेगळा आहे" म्हणून. मग जमातीचं खातं कधी सुधारणार? सुनीताच्या शाळेत मणिपूरची एक शिक्षिका आहे, तिला पालक अजून "नेपाळी मॅडम" म्हणतात. ती आता दुरुस्तसुद्धा करत नाही.

सगळ्यात वाईट अजून लिहिलंच नाही. नकार कळवायचं काम माझ्यावर आलं. "तुम्ही पाटील, तुम्हीच गोड बोलून सांगा." दोघं खाली वॉचमनच्या केबिनजवळ बाकावर बसले होते. त्याच्या मांडीवर हेल्मेट, तिच्या हातात प्लास्टिकची फाइल, घामाने बोटांचे ठसे उठलेली. मी म्हणालो, मालकाचा विचार बदललाय. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "चालेल काका. ही पाचवी सोसायटी." त्याला सगळं कळलं होतं. आवाज चढवला नाही, काही नाही. उलट बाकावरचा माझा पेन उचलून दिला. चालण्याची ढब तुझी होती.

कमिटीला असा अधिकारच नाही, मला माहीत आहे. भाडेकरूची माहिती घ्यायची, गाव आणि जात बघून नकार द्यायचा नाही. संध्याकाळी मालकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही लेखी द्या, मी भांडतो. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक मागितली आहे. त्या पोरालाही मेसेज केला, खोटं बोललो म्हणून. निळी टिक आली, उत्तर नाही.

आता माझा घोळ. बोलायचं काय, हे लिहायला घेतलं तर पहिल्या पानावर जासई आली, आजीचे धवले आले, काका आले. मग हात थांबला. त्या पोराला टू बीएचके मिळायला त्याच्या घरात कोणी गोळी खाल्लेली असायला हवी का? तो जन्मला तेव्हा जासईला कितीतरी वर्षं झाली होती. त्याला बायकोच्या नाइट ड्यूटीसाठी हॉस्पिटलजवळ घर हवंय, एवढंच. मी "हे लोक किती चांगले" असं सांगत बसलो तर अध्यक्षांचंच वाक्य उलटं करून म्हटल्यासारखं होईल. आणि काही न सांगता नुसता नियम वाचला तर नियमाने घर मिळेल, पण लिफ्टमध्ये त्याच्याशी कोणी बोलणार नाही.

तुझं कसं चाललंय? प्रमोशनचं कळलं, मनापासून अभिनंदन. लेकीची बारावी झाली की मस्कतहून थेट इकडे या, वहिनींना सांग सुके बोंबील मी बाजूला काढून ठेवलेत. बयला नमस्कार.

काकांचं नाव मीटिंगमध्ये घेऊ की नको, तेवढं शनिवारपर्यंत कळव. तू नको म्हणालास तर घेणार नाही. आण्णांचं मात्र घेणार आहे. त्यांना जेवताना विचारलं, "मी तुमचा हुक मीटिंगला नेऊ का?" ते म्हणाले, "ने. पण परत आण, दोरीला गाठ मारायचीय."

तुझा,
पाटल्या